निरोप जसाच्या तसा

पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची पाटी आली की टीव्हीच्या स्पीकरमधून ‘घुर्रर्र’ असा आवाज यायचा आणि पाटी गेली की तो थांबायचा. नव्वदच्या दशकात गल्लीतल्या केबलवर चित्रपट पाहिलेल्यांना हे आठवत असेल. कधी चित्र फिके पडायचे, कधी ते वर-खाली सरकत राहायचे. मग घरातले कोणी तरी टीव्हीच्या डोक्यावर थाप मारायचे. पुष्कळदा टीव्ही निर्दोष असायचा. खोट असायची केबलवाल्याच्या खोलीत, दोन यंत्रांच्या मधल्या एका छोट्याशा टप्प्यात.

त्या टप्प्याचे नाव बफर. त्याचाच भाऊबंद आज प्रत्येक ईसीजी यंत्रात बसलेला आहे. तिथे तो चुकीचा निवडला गेला किंवा त्याच्यापर्यंत पोहोचणारा सिग्नल आपण वाटेतच बिघडवला, तर फिके पडते ते सिनेमाचे चित्र नव्हे, हृदयाचे.

व्हीसीआरमधून निघणारे चित्र केबलवर तसेच पाठवत नाहीत. त्याला आधी ठरावीक चॅनेलच्या वाहक लहरीवर बसवावे लागते. हे काम करणारे मंडल म्हणजे मॉड्युलेटर. चित्र देणारा आणि मॉड्युलेटर यांच्या मध्ये बफर असतो. गंमत अशी, की हा बफर सिग्नलचा दाब वाढवत नाही. एक व्होल्ट आत आला तर जेमतेम एकच व्होल्ट बाहेर देतो. मग तो हवाच कशाला?

गर्दीच्या ओपीडीत याचे उत्तर रोज दिसते. दम लागलेल्या आजोबांचा आवाज डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही. ‘मोठ्याने बोला’ म्हटले तर दम आणखी वाढतो आणि वाक्य अर्धवट राहते. शेजारी उभी असलेली सून त्यांच्या तोंडाजवळ कान नेते आणि ते जे म्हणाले तेच खणखणीत आवाजात सांगते. शब्द आजोबांचे, ताकद सुनेची. तिने पदरचे काही घातले तर घोटाळा होईल, काही गाळले तरी होईल.

विजेच्या मंडलात असेच घडते. कमकुवत उगमातून जास्त प्रवाह ओढला तर त्याचा दाब कोसळतो. समजा, उगमाचा स्वतःचा रोध १,००० ओहम आहे आणि त्याला ७५ ओहमचा भार थेट जोडला. मूळ दाबापैकी भारापर्यंत जेमतेम ७ टक्के पोहोचतो. बाकीचा उगमातच जिरतो. बफर उगमाकडून जवळजवळ काही मागत नाही आणि पुढच्याला लागणारा प्रवाह स्वतःच्या वीजपुरवठ्यातून देतो.

एका व्होल्टचे चित्र

ॲनालॉग व्हिडिओ सिग्नलची एकूण उंची एक व्होल्ट ठरलेली आहे. त्यातले सुमारे ०.७ व्होल्ट चित्रासाठी, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांसाठी. उरलेले ०.३ व्होल्ट सर्वांत खालच्या बाजूला, सिंकसाठी. ओळ कुठे सुरू होते, चित्र कुठे सुरू होते हे टीव्हीला सांगणारी ही खूण. दूरदर्शनच्या पॅल पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी आणि सेकंदाला अशी २५ चित्रे. म्हणजे दर सेकंदाला १५,६२५ वेळा ही खूण पोहोचली पाहिजे.

या पद्धतीत मॉड्युलेशन उलटे असते. सिंकच्या वेळी वाहक लहर सर्वांत जोरकस आणि पांढऱ्या रंगाच्या वेळी सर्वांत क्षीण. व्हिडिओ गरजेपेक्षा मोठा दिला तर शुभ्र पांढऱ्या जागी वाहक लहर नाहीशीच होते. टीव्ही आवाज वेगळा काढण्यासाठी त्याच लहरीचा आधार घेतो. म्हणून पांढरी पाटी आली की घुरघुर. व्हिडिओ लहान पडला तर चित्र फिके. आणि सिंकचे टोक कापले गेले तर ओळींना धरबंध उरत नाही, चित्र सरकू लागते. तिन्ही आजारांची लक्षणे वेगळी, पण तिन्हींचे मूळ मधल्या टप्प्यात असू शकते.

ट्रान्झिस्टरची निवड

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अगदी किरकोळ किमतीत मिळणारा बीसी ५४७ सारखा साधा ट्रान्झिस्टर हे काम करू शकतो. त्याच्या तीन पायांपैकी बेसवर सिग्नल द्यायचा आणि एमिटरवरून घ्यायचा. या जोडणीला एमिटर फॉलोअर म्हणतात, कारण एमिटर बेसच्या मागोमाग चालतो. ट्रान्झिस्टर प्रवाह शंभरपट करत असेल, तर १५० ओहमचा भार उगमाला सुमारे १५,००० ओहमसारखा वाटतो. मघाच्या १,००० ओहमच्या उगमातून आता ७ टक्क्यांऐवजी सुमारे ९४ टक्के दाब पुढे जातो.

हिशेब इथेच संपत नाही. एमिटरचा दाब बेसपेक्षा ०.६ ते ०.७ व्होल्टने खाली असतो आणि हा फरक तापमानाबरोबर बदलतो. दर अंशाला साधारण दोन मिलिव्होल्ट. यंत्र तापले की काळ्या रंगाची पातळी सरकते. म्हणून काही मंडलांत एक एनपीएन आणि त्याच्यामागे एक पीएनपी असे उलट्या जातीचे दोन फॉलोअर जोडतात. पहिला जेवढे खाली आणतो तेवढे दुसरा वर उचलतो.

दुसरी अडचण उतारावरची. एनपीएन फॉलोअर दाब वर ढकलण्यात पटाईत असतो, पण खाली येताना तो फक्त हात सोडतो. खाली खेचायचे काम एमिटरला जोडलेल्या रोधकाला करावे लागते. वीज वाचवण्यासाठी हा रोधक फार मोठा ठेवला, तर सिग्नलचे सर्वांत खालचे टोक कापले जाते. खालच्या टोकाला असतो सिंक.

तिसरा प्रश्न अंतराचा. मॉड्युलेटर त्याच पाटीवर दोन बोटांच्या अंतरावर असेल, तर नुसता फॉलोअर पुरतो. मध्ये लांब केबल असेल तर दोन्ही टोकांना ७५ ओहम जुळवावे लागतात. न जुळवल्यास सिग्नल टोकावरून परत फिरतो आणि चित्राला सावली पडते. जुळवले तर दाब निम्मा होतो, म्हणून आधी तो दुप्पट करून घ्यावा लागतो.

मग जवळजवळ काहीच प्रवाह न घेणारा फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर, म्हणजे एफईटी, का वापरू नये? वापरता येतो, पण इथे उगम तितका दुबळा नसतो. उलट एफईटीच्या फॉलोअरमध्ये सिग्नल थोडा जास्त घटतो आणि एका नगापासून दुसऱ्या नगापर्यंत गुणधर्म बरेच बदलतात. मॉड्युलेटरपुढे म्हणूनच साधा ट्रान्झिस्टर बरा. सर्वांत उत्तम बफर नावाची वस्तू बाजारात मिळत नाही. देणारा किती दुबळा, घेणारा किती भुकेला आणि निरोप किती वेगवान, हे पाहून तो ठरतो. औषधाची मात्रा रोग्याचे वजन, वय आणि मूत्रपिंडे पाहून ठरवतात, तसेच हे.

मिठाच्या पाण्याची भांडी

हेच तीन प्रश्न आता हृदयाला विचारू. छातीवर पोहोचणारा हृदयाचा विद्युत संकेत साधारण एक मिलिव्होल्टचा, म्हणजे व्हिडिओच्या हजाराव्या हिश्शाएवढा असतो. शिवाय तो त्वचेच्या कोरड्या, मृत पेशींच्या थरातून बाहेर काढायचा असतो. जेली लावलेल्या स्वच्छ त्वचेवर इलेक्ट्रोडचा संपर्करोध काही हजार ओहम असतो. कोरड्या, तेलकट त्वचेवर तो लाख ओहमच्या पुढे जाऊ शकतो. देणारा अतिशय दुबळा आहे.

नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइन्थोवन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटरवर हृदयाचे आलेख काढले, तेव्हा बफर नावाची गोष्टच नव्हती. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा बारीक धागा शक्तिशाली चुंबकाच्या मध्ये ताणलेला असे आणि तो हलवायचा प्रवाह रोग्याच्या शरीरातूनच यायचा. त्वचेचा रोध कमी केल्याशिवाय धागा पुरेसा हलत नसे. म्हणून रोग्याला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसवत. त्या जुन्या छायाचित्रांतली भांडी विक्षिप्त वाटतात खरी, पण बफर नसलेल्या यंत्राची ती अपरिहार्य गरज होती. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. आइन्थोवन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे निर्वात नळ्या आल्या आणि यंत्र शरीराकडून कमी प्रवाह मागू लागले. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला आणि कालांतराने ईसीजी यंत्र उचलून रोग्याच्या खाटेपाशी नेण्याइतके हलके झाले. भांडी गेली, त्यांच्या जागी रबरी फुगे, चिमटे आणि चिकटपट्ट्या आल्या.

हृदयासमोरचा बफर

मॉड्युलेटरसमोर शोभणारा साधा ट्रान्झिस्टर इथे चालत नाही. त्याच्या बेसला थोडा तरी प्रवाह लागतोच. समजा, तो एक मायक्रोॲम्पिअर आहे. लाखभर ओहमच्या त्वचेतून तो गेला की ०.१ व्होल्टचा दाब तयार होतो, म्हणजे हृदयाच्या संकेताच्या शंभरपट. इलेक्ट्रोड जरा हलला की हा दाब बदलतो आणि आलेख उड्या मारतो. शिवाय रोग्याच्या शरीरातून सतत प्रवाह वाहू देणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही योग्य नाही. हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या उपकरणांसाठी गळतीची मर्यादा सर्वसाधारण स्थितीत १० मायक्रोॲम्पिअर इतकी कडक आहे. म्हणून इथे एफईटीच्या जातीचा, नगण्य प्रवाह घेणारा बफर बसवतात.

त्याचा प्रवेशरोध किती असावा? त्वचेचा रोध एक लाख ओहम आणि यंत्राचाही तेवढाच असेल, तर संकेत निम्मा होईल. यंत्राचा रोध एक कोटी ओहम असेल तर घट फक्त एक टक्क्याच्या आसपास. संकेत असा वाटेत गळाला तर आलेखातले तरंग बुटके दिसतात. बुटके तरंग हे हृदयाभोवती पाणी साचल्याचेही एक लक्षण असते. यंत्राने केलेली नासाडी आणि रोगाने केलेला बदल कागदावर सारखेच दिसू शकतात.

मग पहिल्याच टप्प्यात संकेत हजारपट वाढवून का घेत नाहीत? कारण इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्या संपर्कातच एक छोटी बॅटरी तयार होते. तिचा दाब ३०० मिलिव्होल्टपर्यंत जाईल असे धरून यंत्रे बनवतात. तो हजारपट केला तर ३०० व्होल्ट व्हायला हवेत! कोणतेही हातयंत्र ते पेलणार नाही, आलेख एका कडेला जाऊन बसेल. म्हणून आधी न वाढवणारा किंवा अगदी थोडे वाढवणारा बफर, मग दोन इलेक्ट्रोडांमधला फरक, आणि त्यानंतरच खरे वर्धन असा क्रम ठेवतात. रोग्याला विजेचा झटका द्यायची वेळ आली तर काही हजार व्होल्टच्या तडाख्यातून हाच बफर वाचला पाहिजे, म्हणून त्याच्या दारात संरक्षक रोधक आणि दाब रोखणारे घटक बसवलेले असतात.

उजव्या पायाला लावलेल्या इलेक्ट्रोडचे कामही फार जणांना ठाऊक नसते. तो हृदयाचा संकेत टिपत नाही. भिंतीतल्या वायरिंगमधून ५० हर्ट्झची गुणगुण शरीरावर सतत उमटत असते. आधुनिक यंत्र ती मोजते, उलटी करते आणि उजव्या पायातून शरीराला परत देते, म्हणजे दोन्ही एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात. मात्र एका हाताची त्वचा स्वच्छ आणि दुसऱ्याची तेलकट असेल, तर उरलेली गुणगुण दोन्हीकडून सारखी येत नाही आणि फरक म्हणून आलेखात घुसते. आलेखाची रेघ जाड, केसाळ दिसते ती त्यामुळे.

कागदावरचा एक मिलिमीटर

व्हिडिओ आणि ईसीजी या दोघांना छळणारी आणखी एक गोष्ट म्हणजे सरकणारा पाया. नको असलेला स्थिर दाब अडवण्यासाठी वाटेत कपॅसिटर ठेवतात. व्हिडिओच्या ७५ ओहमच्या वाटेवर हा कपॅसिटर शेकडो मायक्रोफॅरडचा लागतो. तिथे १० मायक्रोफॅरडचा बसवला तर तो एका चित्रक्षेत्राच्या २० मिलिसेकंदांतच रिकामा होऊ लागतो आणि सपाट राखाडी पडदा वर एका छटेचा, खाली दुसऱ्या छटेचा दिसतो. मुळात सपाट असलेली गोष्ट उतरती होते.

ईसीजीत हाच प्रकार जिवावर बेतू शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात डॉक्टर एसटी नावाचा भाग पाहतात. आलेखातल्या उंच तरंगानंतरचा हा जवळपास सपाट तुकडा. तो शेजारशेजारच्या निदान दोन लीडमध्ये एक मिलिमीटरने वर उचललेला दिसला, तर रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याची शंका घेतात. काही विशिष्ट लीडमध्ये ही मर्यादा थोडी जास्त धरतात. नेहमीच्या कागदावर एक मिलिमीटर म्हणजे ०.१ मिलिव्होल्ट, व्होल्टचा दहा हजारावा भाग. गाठ विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे की नाही, रोग्याला रातोरात अँजिओप्लास्टीसाठी पाठवायचे की नाही, हा निर्णय त्या एका चौकटीवर अडलेला असतो.

म्हणून निदानासाठी काढलेल्या ईसीजीत ०.०५ हर्ट्झपर्यंतचे संथ बदल जाऊ द्यावे लागतात आणि वरच्या बाजूला प्रौढांसाठी १५० हर्ट्झपर्यंतचे. अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरवर मात्र रेघ स्थिर राहावी म्हणून खालची मर्यादा बऱ्याचदा ०.५ हर्ट्झ ठेवतात. साध्या गाळणीत या दहापट फरकाने सपाट एसटी तुकडा खाली-वर झुकू शकतो. नव्या यंत्रांत संगणकीय गाळण्या हा दोष बराच टाळतात. तरीही मॉनिटरच्या पडद्यावर एसटी उचललेला दिसला, तर त्यावरून झटका ठरवू नये, बारा लीडचा पूर्ण ईसीजी काढावा, हा नियम या पायावर उभा आहे.

ईसीजी काढताना

बफर कितीही उत्तम असला तरी त्याच्या आधीची वाट रोग्याच्या त्वचेतून जाते आणि ती सुधारणे आपल्या हातात असते. अंगाला तेल, पावडर किंवा मलम लावलेले असेल तर सांगावे. त्वचा ओल्या कापसाने पुसून कोरडी केली आणि गॉझने हलकेच घासली तर संपर्क सुधारतो. छातीवर दाट केस असतील तर तेवढी जागा भादरावी लागते, त्यात संकोच नको. चिकटपट्टीचे पाकीट फार दिवस उघडे राहिले तर तिची जेली सुकते.

रबरी फुग्यांच्या इलेक्ट्रोडखाली जेली हवी, पण छातीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिचा पट्टा ओढू नये. तसे केले तर शेजारचे इलेक्ट्रोड एकमेकांना जोडले जातात आणि वेगवेगळे असायला हवेत ते आलेख सारखे दिसू लागतात. थंडीने अंग कापत असेल तर पांघरूण घ्यावे, कारण स्नायूंची थरथरही कागदावर उमटते. हात सैल ठेवावेत, खाटेच्या लोखंडी दांडीला धरू नये.

मनगटी घड्याळे आता ईसीजी काढतात. तिथे जेली नसते, कोरडा धातू आणि कोरडे बोट. इतका दुबळा उगम सांभाळणारे बफर आज नखापेक्षा लहान चिपमध्ये मावतात, म्हणून हे शक्य झाले. मात्र बहुतेक घड्याळे हृदयाकडे एकाच दिशेने पाहतात. अनियमित ठोके ओळखायला त्यांचा उपयोग होतो. हृदयविकाराचा झटका नाही, अशी खात्री ती देऊ शकत नाहीत. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर घड्याळाकडे न पाहता १०८ ला फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. तिथला पहिला ईसीजी ठीक आला आणि त्रास चालूच राहिला, तर डॉक्टर तो पुन्हा काढतात. त्याला घाबरू नये आणि तक्रारही करू नये.

घरातल्या फाइलमध्ये जुना ईसीजी असेल तर त्या कागदाची खालची कड एकदा पाहावी. २५ मिलिमीटर प्रति सेकंद, १० मिलिमीटर प्रति मिलिव्होल्ट आणि ०.०५ ते १५० हर्ट्झ, असे आकडे बऱ्याच यंत्रांवर तिथे छापून येतात. पहिला आकडा कागदाचा वेग सांगतो, दुसरा उंचीचे माप आणि तिसरा संकेताचा किती भाग यंत्राने आत येऊ दिला ते. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना हा जुना कागद सोबत न्यावा. आजच्या आलेखात नवे काय आणि जुनेच काय, हे ठरवायला त्याच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.